छातीवरच्या चिन्हाचा जाब कुणाला विचारायचा?

प्रति,
कपड्यांवरची चित्रं आणि चिन्हं काढणारे डिझायनर, ती निवडणारे बायर आणि मर्चंडायझर, आणि शेवटी मंजुरीची सही करणारे सर्व जण

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही छापलेली चिन्हं अंगावर घालून फिरणारी माणसं आम्हाला रोज भेटतात, तुम्ही मात्र कधी भेटत नाही. लिफ्टमध्ये, रेल्वेच्या डब्यात, दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी शेजारी येऊन बसतं आणि त्याच्या जॅकेटवर, टोपीवर किंवा सॅकवर असं काही असतं की नजर तिथेच अडकते. ना ओळख ना पाळख. विचारावं तर भोचकपणा, न विचारावं तर डोक्यात भुंगा. हा माणूस हे सगळं मानतो? की नुसतं आवडलं म्हणून घेतलं? की त्याला पत्ताच नाही? यातलं काहीही कळायच्या आत त्याचं स्टेशन येतं आणि तो उतरून जातो.

ओळखीच्या माणसाचं असं होत नाही. भाच्याने काहीतरी अचरट टी-शर्ट घातला तर त्याला समोर बसवून विचारता येतं, वेळ पडली तर झापता येतं. तो ऐकेलच असं नाही, पण त्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक असतो, त्यामुळे त्या टी-शर्टला किती महत्त्व द्यायचं तेही ठरवता येतं. अनोळखी माणसाच्या बाबतीत आपल्यापुढे चिन्ह तेवढं असतं. त्याच्या मनात काय आहे ते आम्ही चिन्हावरून ताडायचं, आणि ते चिन्ह काढलेलं तुम्ही.

हे पत्र खरं तर घालणाऱ्यांच्या नावे निघायचं होतं. मध्ये एक मुलगा भेटला आणि पाकिटावरचा पत्ता बदलला.

असेल वीस-बावीस वर्षांचा. लिफ्टचं दार एका वयस्कर बाईंसाठी धरून उभा होता, त्यांना मजला विचारून बटणही त्यानेच दाबलं. डोक्यावर काळी टोपी आणि टोपीच्या पुढच्या बाजूला चंदेरी धातूची छोटी कवटी. कवट्या काय, सगळीकडेच असतात. चाच्यांच्या, बाइकवाल्यांच्या, मेटल बँडच्या. मला त्यांचं काही वाटत नाही. ही वेगळी होती. किंचित बाजूला वळलेली, खालचा जबडा शाबूत, हाडांची फुली कवटीच्या मागून गेलेली. नाझी जर्मनीत एसएस या नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाच्या टोप्यांवर हीच असायची. छळछावण्यांवर पहारा देणाऱ्या तुकड्यांना तर नावच या कवटीचं होतं, टोटेनकोप्फ. लिफ्ट रडतखडत वर चालली होती, म्हणून विचारलं, "ही कवटी कुठली रे?"

"अशीच आहे. सेलमध्ये मिळाली. भारी दिसते ना?"

मी दोन-तीन वाक्यांत सांगितलं. त्याने टोपी काढली, उलटी केली आणि आतलं लेबल वाचलं. त्यावर सुताचं प्रमाण होतं, धुण्याच्या सूचना होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण मग यांनी विकायला कशी ठेवली?"

प्रश्न बिनतोड होता. तो जसाच्या तसा तुमच्याकडे पाठवतेय.

एवढ्याशा कवटीचं काय घेऊन बसलात, असं तुम्ही म्हणाल. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच उत्तर देऊन थांबता आलं असतं, पण तुमच्याच व्यवसायातली दोन-चार उदाहरणं समोर ठेवते.

क्यूबाच्या क्रांतीतला नेता चे गव्हेरा याचा चेहरा घ्या. टी-शर्टवर त्याच्याइतका दुसरा कुठला चेहरा विकला गेला असेल, मला आठवत नाही. अल्बर्टो कोर्डाने तो फोटो ५ मार्च १९६० रोजी हवानात टिपला, 'ला कुब्र' जहाजाच्या स्फोटात आदल्या दिवशी मेलेल्यांच्या शोकसभेत. १९६८ मध्ये जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराने त्यावरून मोजक्या रंगांचं सपाट चित्र केलं, आणि ते छापायला इतकं सोपं निघालं की जगभरच्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांची चांदी झाली. कोर्डाने त्या फोटोची रॉयल्टी कधी मागितली नाही. मात्र एका व्होडकाच्या जाहिरातीत तो चेहरा वापरला गेला तेव्हा २००० मध्ये तो कोर्टात गेला, आणि तडजोडीचे ५० हजार डॉलर त्याने क्यूबाच्या आरोग्यसेवेला देऊन टाकले. फोटो काढणाऱ्याला निदान एवढं तरी ठाऊक होतं की हा चेहरा कशाशी जोडायचा आणि कशाशी नाही.

त्याच चेहऱ्याची दुसरीही बाजू आहे. १९५९ मध्ये हवानाच्या ला काबान्या किल्ल्यात झटपट खटले चालले आणि माणसं गोळ्या घालून मारली गेली, तेव्हा किल्ल्याचा प्रमुख चे होता. ज्यांच्या घरातलं कुणी तिथून परत आलं नाही, त्यांच्या शेजारी बसमध्ये तो टी-शर्ट येऊन बसतो तेव्हा त्यांना बंडखोरी बिंडखोरी काही दिसत नाही. २००५ च्या ऑस्कर सोहळ्याला गिटारवादक कार्लोस सांताना ते चित्र छातीवर मिरवत आला, तेव्हा क्यूबा सोडून गेलेला सॅक्सोफोनवादक पकितो द'रिवेरा याने त्याला खुलं पत्रच लिहिलं होतं. चे थोर होता की क्रूर, हा वाद मला इथे घालायचा नाही. दोन्ही बाजूंची माणसं एकाच रस्त्याने चालतात आणि तुमचा टी-शर्ट दोघांनाही दिसतो.

कोयता-हातोडा या सोव्हिएत चिन्हाचंही तेच. लिथुआनियात २००८ पासून नाझी आणि सोव्हिएत अशी दोन्ही चिन्हं जाहीरपणे मिरवायला बंदी आहे. तिथल्या कितीतरी घरांतली माणसं मालगाड्यांत भरून सायबेरियाला नेली गेली, त्याची आठवण अजून ताजी आहे. २०१८ मध्ये आदिदासने सोव्हिएत संघाच्या चिन्हाचे लाल कपडे विकायला काढले, लिथुआनियाच्या परराष्ट्र खात्याने हरकत घेतली आणि माल वेबसाइटवरून उतरला. त्यानंतर काही महिन्यांतच वॉलमार्टवर कोयता-हातोड्याचे टी-शर्ट, पुन्हा हरकत, पुन्हा माघार. पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. तुमच्या धंद्यात मागचा त्याच दगडावर जाऊन आपटतो.

त्याच वर्षी बीटीएस या कोरियन बँडच्या एका गायकाचा टी-शर्ट गाजला. त्यावर अणुबॉम्बच्या धुराचा ढग होता आणि मुक्ती, देशप्रेम असे शब्द. कोरियात बऱ्याच जणांना त्यात जपानी सत्तेतून सुटका दिसली, जपानमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी दिसलं. एका जपानी वाहिनीने बँडचा कार्यक्रम रद्द केला, बँडच्या कंपनीने माफी मागितली. त्या ढगाखाली मेलेल्यांत जपानने मजुरीला नेलेले हजारो कोरियनही होते, हे तर त्या टी-शर्टच्या कापडावर मावणारंच नव्हतं. असल्या गोष्टी छापताना तुम्हाला वाटतं की आपण एक चित्र छापतोय.

आता तुमच्या सबबी. यांचा मी जरा बारकाईने माग काढला आहे.

ऑगस्ट २०१४ मध्ये झारा या कपड्यांच्या ब्रँडने तान्ह्या, रांगत्या मुलांसाठी एक शर्ट काढला. पांढऱ्या कापडावर निळे आडवे पट्टे आणि छातीवर सहा टोकांचा पिवळा तारा. ज्यांनी छळछावण्यांतले फोटो पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको: पट्ट्यापट्ट्यांचे कैद्यांचे कपडे आणि ज्यूंच्या अंगावर सक्तीने शिवायला लावलेला पिवळा तारा. कंपनीचं म्हणणं असं की प्रेरणा जुन्या वेस्टर्न सिनेमांतल्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याच्या, बिल्ल्याची होती. असेलही. मला ते खोटं वाटत नाही, आणि तेच जास्त लागतं. कुणीतरी स्केच केलं, कुणीतरी रंग ठरवले, टेक पॅक, म्हणजे शिवणीच्या तपशिलांचा कागद, बनला, सॅम्पल शिवून आलं, बायरने ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, लहान मुलाला घालून फोटो काढले, वेबसाइटवर चढवलं. इतक्या जोड्या डोळ्यांखालून तो तारा गेला आणि एकालाही टोचला नाही. बाहेरच्या माणसांनी पाहिला तर काही तासांत ओळखला.

त्याच्या पुढच्याच महिन्यात अर्बन आउटफिटर्स या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीने केंट स्टेट विद्यापीठाचा एक जुना स्वेटशर्ट १२९ डॉलरला विकायला ठेवला. गुलाबीसर कापडावर तांबडे डाग आणि भोकं. ४ मे १९७० रोजी त्या विद्यापीठाच्या आवारात ओहायो नॅशनल गार्डच्या सैनिकांनी निदर्शनं चालू असताना गोळीबार केला होता; चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. कंपनी म्हणाली, हे रक्त नव्हे, उन्हाने रंग विटलाय आणि भोकं नैसर्गिक झिजेची आहेत. तेही खरं धरू. पण ते विद्यापीठाचं नाव आणि ते डाग एकत्र असलेला फोटो साइटवर टाकताना ज्याने किंमत भरली, त्याने क्षणभर थांबून त्या नावाचा शोध घेतला असता तर पहिल्याच पानावर सगळं मिळालं असतं.

२०२० मध्ये शीन या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने 'मेटल स्वस्तिक पेंडंट' नावाचा गळ्यातला दागिना अडीच डॉलरला लावला. गदारोळ झाल्यावर खुलासा आला की हे बौद्ध चिन्ह आहे. त्याच्या तेरा वर्षं आधी, २००७ मध्ये, झाराच्या एका कशिदा केलेल्या हँडबॅगवर स्वस्तिकं निघाली. बॅग भारतात बनलेली, कंपनीच्या म्हणण्यानुसार मंजूर केलेल्या नमुन्यात ती स्वस्तिकं नव्हती. कशिदा घालणाऱ्या हातांनी मंगल म्हणून काढलेली खूण, आणि ती पाहून इंग्लंडमध्ये एक गिऱ्हाईक हादरलं. इथे मी त्या कारागिरांची बाजू घेईन. दोष असलाच तर मधल्या साखळीचा, जिला आपण एका मुलखातून काय उचलतोय आणि दुसऱ्या मुलखात काय ठेवतोय याची गंधवार्ता नव्हती.

स्वस्तिकाचा विषय निघालाच आहे तर जरा थांबते, कारण इथेच तुमचा एक ठरलेला उपाय फसतो. वाद झाला की तुमच्याकडे बंदी घातलेल्या चिन्हांची यादी बनते आणि ती संगणकाला पाजली जाते. हिंदू, बौद्ध आणि जैन यांच्यासाठी स्वस्तिक मंगल आहे, माझ्यासाठीही आहे. फिनलंडच्या हवाई दलाने ते १९१८ पासून वापरलं, तेव्हा नाझी पक्ष जन्मलाही नव्हता. अमेरिकेच्या ४५ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनच्या सैनिकांच्या दंडावर ते होतं, कारण तिथल्या मूळ रहिवाशांचं ते जुनं चिन्ह. १९३९ मध्ये त्यांनी ते उतरवलं आणि त्याजागी थंडरबर्ड हा दंतकथेतला पक्षी आणला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांनी २०२२ मध्ये नाझी चिन्हांविरुद्ध कायदे केले तेव्हा धार्मिक स्वस्तिकाला त्यातून वगळलं. कायदा करणाऱ्यांना जो फरक कळला तो तुमच्या यादीला कळत नाही. लाल कापडावर पांढरं वर्तुळ आणि त्यात तिरपं काळं चिन्ह ही एक गोष्ट. पूजेच्या वस्तूवरची कुंकवाची खूण ही वेगळी. हे माणसाच्या डोळ्याला कळतं. त्यासाठी तो माणूस नेमावा लागतो आणि पगार द्यावा लागतो.

आणि एक गोष्ट तुमच्याच हातकामाच्या इतिहासातली. २८ फेब्रुवारी १९४० रोजी ॲरिझोनात नवाहो, होपी, अपाची आणि पापागो या चार जमातींच्या प्रतिनिधींनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. हे चिन्ह आमच्या पूर्वजांपासून मैत्रीचं आहे, पण दुसऱ्या एका राष्ट्राने ते विटाळलं, म्हणून आजपासून आमच्या घोंगड्या, टोपल्या, वाळूची चित्रं आणि कपडे यांवर ते आम्ही काढणार नाही, असा त्याचा आशय होता. ज्यांनी काही वावगं केलं नव्हतं त्या विणकरांनी आपली पिढीजात नक्षी सोडली, तीही अमेरिका युद्धात उतरायच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, कुणी सक्ती केलेली नसताना. त्यांच्याकडे ना ब्रँड मॅनेजर होता ना जनसंपर्क विभाग. आपलं कापड पलीकडचा माणूस कसा वाचेल याचा त्यांनी विचार केला आणि धंद्याचं नुकसान सोसलं. मी त्यांच्याइतकं तुमच्याकडे मागत नाहीये. तुमचं तर पिढीजात काहीच नाही यात. मूड बोर्डवरून, म्हणजे कल्पना चिकटवायच्या फलकावरून, उचललेलं चित्र आहे, ते पुन्हा मूड बोर्डवर ठेवायचं.

तुमच्यातले जाणते लोक इथे पंक या बंडखोर संगीत-फॅशनच्या लाटेचं नाव काढतील, आणि तो तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, हे मान्य. १९७० च्या दशकात लंडनच्या किंग्ज रोडवर व्हिव्हिएन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लॅरन यांच्या दुकानातून स्वस्तिक छापलेले शर्ट बाहेर पडले. पंक वादक सिड व्हिशसने ते चिन्ह अंगावर घातलं, गायिका सूझी सूने दंडावर बांधलं. त्यांचा रोख घरातल्या मोठ्यांवर होता, ज्या पिढीने युद्ध जिंकलं आणि मग त्याच अभिमानावर उरलेलं आयुष्य काढलं तिच्यावर. मला तो प्रकार आजही आवडत नाही. छावणीतून वाचून आलेलं कुणी त्याच रस्त्यावरून जात असेल, त्याचं या आई-बापांच्या भांडणाशी काय देणं-घेणं? तरी तिथे घालणाऱ्याला आपण काय घातलंय ते माहीत होतं आणि त्याबद्दल चार शिव्या खायची तयारीही होती. पन्नास वर्षांनी तोच नमुना झिजवून, गुळगुळीत करून हँगरला लावलात की त्यातलं बंड गळून पडतं आणि चिन्ह तेवढं उरतं. टोपीवाल्या मुलाला कुणालाच डिवचायचं नव्हतं.

चिन्ह उलटवून घालण्याचा हक्क मी नाकारत नाही. नाझी छावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असायचा. १९७० च्या दशकात समलिंगी चळवळीने तोच आपणहून उचलला, पुढे न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या काळात तो टोक वर करून पोस्टरवर आला. ज्यांच्या अंगावर तो लादला गेला होता त्यांच्याच वारसांनी तो घातला, आणि कशासाठी ते ओरडून सांगितलं. आणि मग २०१५ मध्ये अर्बन आउटफिटर्सच्या दुकानात राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांवर गुलाबी त्रिकोण असलेलं भिंतीवर लावायचं कापड आलं, ज्याला यातलं काहीच सांगायचं नव्हतं.

म्हणून मला कायदाही नको आहे. कायदा या कामात फार बोजड पडतो. जर्मनीत दंडसंहितेच्या ८६अ कलमाखाली नाझी चिन्हांना बंदी आहे. तिथे फुली मारलेल्या, मोडून फेकलेल्या स्वस्तिकाचे नाझीविरोधी बिल्ले विकणाऱ्यालाच खालच्या कोर्टाने दंड ठोठावला, आणि २००७ मध्ये वरच्या कोर्टाला तो रद्द करावा लागला. हंगेरीत एका डाव्या राजकारण्याला मोर्चात जॅकेटवर लाल तारा लावल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. २००८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते अभिव्यक्ती स्वातंत्र्याविरुद्ध ठरवलं. किस या रॉक बँडला जर्मनीत आपल्या इंग्रजी नावातली शेवटची दोन अक्षरं बदलून लिहावी लागली, कारण ती एसएसच्या विजेच्या आकाराच्या चिन्हासारखी दिसतात. (हे वाचून मला हसू आलं होतं, पण बदललेला लोगोही वाईट दिसत नाही.) पोलीस आणि न्यायाधीश टी-शर्ट तपासत फिरावेत अशी माझी इच्छा नाही. तुम्ही छापण्याआधी तपासावा, एवढीच आहे.

'पण दिसतं छान' हे तुमचं खरं कारण, सगळ्या सबबींच्या मागचं. ते तुम्ही खासगीत बोलता आणि त्यात तथ्य आहे. छान दिसणारच होतं. एसएसच्या त्या दोन विजा वॉल्टर हेक नावाच्या ग्राफिक डिझायनरने काढल्या. काळ्या गणवेशामागे कार्ल डीबिच हा चित्रकार होता, आणि ते शिवणाऱ्या कारखान्यांत ह्यूगो बॉस होता, जो १९३१ मध्येच पक्षाचा सभासद झाला होता. त्या कारखान्यात सक्तीने आणलेले मजूर राबवले गेले, आणि कंपनीने त्याबद्दल २०११ मध्ये माफी मागितली. तुमच्यासारख्याच शिकलेल्या, कसबी माणसांनी ठरवून, तरुण पोरांना भुरळ पडावी म्हणून ते देखणं केलं. ते आजही आपलं काम चोख करतंय आणि तुम्ही त्याला 'मिलिटरी चिक' म्हणून पुन्हा कामावर घेताय.

तुमच्यातल्याच काहींनी शहाणपणा दाखवला आहे, तोही सांगते. फ्रेड पेरीचा काळा-पिवळा पोलो शर्ट प्राउड बॉईज या अमेरिकेतल्या उजव्या टोळक्याने आपला गणवेश करून टाकला. यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. शर्ट जुना, निरुपद्रवी, चांगला खपणारा. तरी २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की अमेरिका आणि कॅनडात आम्ही तो रंग विकणार नाही, आणि त्या टोळक्याशी आमचं काही नातं नाही. लॉन्सडेलची गोष्ट त्याहून चमत्कारिक. जॅकेटची चेन अर्धी उघडी ठेवली की त्यांच्या इंग्रजी नावातली मधली चार अक्षरं (NSDA) नाझी पक्षाच्या आद्याक्षरांसारखी दिसतात, एवढ्यावर नवनाझी पोरं तो ब्रँड घालायला लागली. कंपनीने कानावर हात ठेवले नाहीत. सगळ्या रंगांच्या माणसांची मोहीम काढली, वर्णद्वेषविरोधी उपक्रमांना पैसे दिले. स्वतः काही न करता चिकटलेली घाण ज्यांनी खरवडून काढली, त्यांच्या शेजारी तुम्ही 'आमच्या लक्षात आलं नाही' म्हणत उभे आहात.

प्रिंट-ऑन-डिमांडवाल्यांना, म्हणजे मागणी आली की छापून विकणाऱ्यांना, वेगळे दोन शब्द. तुम्ही म्हणता, आम्ही नुसता मंच. चित्र कुणीतरी चढवतं, यंत्र छापतं. २०१९ मध्ये रेडबबलवर ऑशविट्झ छावणीचे फोटो छापलेले मिनीस्कर्ट आणि उशा विकायला होत्या. ऑशविट्झच्या स्मारकाने जाहीरपणे विचारल्यावर ते हटले. म्हणजे तपासनीसाचं काम शेवटी एका स्मारकाला करावं लागलं, तेही फुकट. प्रत्येक स्कर्टमागे कमिशन तुमच्या खात्यात येतं, तेव्हा मंच वगैरे आठवत नाही.

जाब कुणाच्या वाट्याला येतो ते पाहा. जानेवारी २०१९ मध्ये थायलंडमधल्या एका गायिकांच्या गटातली एक तरुण मुलगी नाझी झेंड्याचा लाल टी-शर्ट घालून रंगीत तालमीला उभी राहिली, आणि ते टीव्हीवर दिसलं. दुसऱ्या दिवशी तिने प्रेक्षकांपुढे रडत माफी मागितली, मग इस्रायलच्या राजदूतांपुढे मागितली. जगभरच्या मथळ्यांत तिचा फोटो. तो झेंडा कापडावर उतरवणारा, त्याची ऑर्डर देणारा, तो रॅकवर लावणारा, यांपैकी कुणीही त्या मंचावर नव्हतं. टोपीवाल्या मुलालाही उद्या कुणी मोबाइलवर टिपलं तर नोकरीच्या मुलाखतीत तो फोटो त्याच्यासमोर येईल, तुमच्यासमोर नाही.

आम्ही पाहणाऱ्यांनीही जरा धीर धरावा, हे मला पटतं. अनोळखी माणसाच्या छातीवर बोट ठेवून ओरडण्याने काही निष्पन्न होत नाही. तो माणूस तेवढा कडवट होतो. शक्य असेल तिथे मी विचारते, आणि बहुतेकदा समोरून गोंधळलेला चेहराच मिळतो. खरोखर मानणारे थोडे, ते विचारण्याआधीच नजरेने सांगतात. पण सगळ्यांनाच असं विचारता येत नाही. ज्यांच्यावर त्या चिन्हाखाली हात उगारले गेलेत त्यांना तर मुळीच येत नाही. ती माणसं डबा बदलतात.

तर मागणं असं. तुमच्या कामाच्या साखळीत, सॅम्पल येण्याआधी, एक माणूस बसवा ज्याचं काम प्रत्येक चिन्ह, अंक, बिल्ला, झेंडा, पट्टी कुठून आली हे शोधणं असेल. 'इंटरनेटवर मिळालं' हे उत्तर त्याने स्वीकारू नये. माल जिथे विकला जाणार तिथल्या कुणाला तरी तो आधी दाखवा. आणि चूक झालीच तर शेरीफच्या गोष्टी सांगू नका. काय होतं, कुणी मंजूर केलं, किती विकलं गेलं आणि विकलेलं कसं परत घेणार, तेवढं सांगा. लेबलवर तुम्ही कापड किती गरम पाण्यात धुवायचं हे सहा भाषांत लिहिता. त्याखाली चिन्हाची एक ओळ लिहून बघा, ते कुठलं आणि केव्हाचं. जे लिहायला लाज वाटेल ते बहुधा विकण्यासारखं नसेल, आणि जे लिहिता येईल ते घेणाऱ्याला कळून घेता येईल.

यातलं किती कराल माहीत नाही. निदान उत्तर पाठवताना जनसंपर्क विभागाचा छापील मजकूर पाठवू नका. तुमच्या ऑफिसात विक्री थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि त्या माणसाने गेल्या सीझनमध्ये एखादं तरी आर्टवर्क परत पाठवलं का, एवढं कळवलंत तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रोज तुमचा माल वाचत फिरणारी एक अनोळखी बाई